उशिरा आठवलेला शब्द

जठारपेठेतली आमची फुलवाली हार ओवता ओवता जपानी शिकते. फोन शेवंतीच्या टोपलीत उभा असतो. त्यावर शब्द उमटतो, मग एक बाई तो वाक्यात घालून म्हणते आणि ही तिच्यामागून मोठ्याने म्हणते. मध्येच भाव विचारला, तर "थांबा काका, वाक्य होऊ द्या."

घरच्या शेतीत पाच जणांचं भागत नाही, म्हणून तिला जपानात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी हवी आहे. त्यासाठीची भाषेची परीक्षा या रविवारी आहे.

सोमवारी फोनवर तिचे नव्वद शब्द पाठ व्हायचे बाकी होते, काल एकशे बारा. मला ते पटेना. पाहिलं, तर फोन शेवटी दाखवतो तोच अर्थ आधी सांगूनही ती 'विसरले' हेच बटण दाबत होती, आणि तो शब्द पुन्हा बाकीच्या ढिगात येत होता.

"अगं, बरोबर होतं की. कोण पाहून राहिलं?"

"उशिरा आठवलं ना, काका. तिकडं आजीनं पानी मांगतलं, त मी आठवत बसू काय?"

माझ्या म्हातारपणी उशाशी असंच कोणी हवं होतं. पण रविवारी ती पास झाली, तर ते सुख जपानातल्या कोणा आजीच्या वाट्याला जाणार.