किल्ल्यातली हौसामावशी

कॅसेट लावली की आधी एक लांबलचक शिट्टी येई, मग कान किटवणारा किर्रकिर्र कोलाहल. आणि त्या कोलाहलातूनच टीव्हीच्या पडद्यावर ओळीमागून ओळ एक अख्खा किल्ला उभा राहू लागे. ध्वनीतून दृश्य साकारताना तुम्ही कधी पाहिले आहे? मी पाहिले आहे, निगडीच्या आमच्या घरात, मामाने परदेशातून आणलेल्या इवल्याशा घरगुती संगणकावर. शेजारी मांडी घालून माझा वर्गमित्र दत्ता बसलेला असे. तो मूळचा महाळुंग्याचा, शेतकऱ्याच्या घरातला; शिक्षणासाठी आकुर्डीला आत्याकडे राहणारा.

कॅसेटवर साठवलेल्या त्या खेळातला शिरस्त्राणधारी सरदार भुतांना चुकवत सोन्याच्या चाव्या गोळा करी. दत्ताला हा परका पराक्रम फार दिवस मानवला नाही. "ही भुतं आपल्या ओळखीची न्हाईत, राव," तो एकदा वैतागून म्हणाला. पडद्यावरचे प्रत्येक चित्र म्हणजे संगणकाच्या स्मृतीत दडलेले काही आकडे, ते बदलले की चित्रही बदलते, हे एका मासिकातून आम्हाला उमगले होते. मग काय! चौकटीच्या कागदावर चौकोन काळे करीत आम्ही किल्ल्याचे महाळुंगे करून टाकले. चाव्यांचे गुळाचे खडे झाले, भुतांच्या म्हशी झाल्या, सरदाराचा हाफचड्डीतला दत्ता झाला. आणि सर्वांत भयंकर भुताच्या जागी हातात फोक घेऊन धावणारी त्याची आई, हौसामावशी, अवतरली. मावशीचा सारा दिवस रानात जाई. आपण एका किल्ल्यात गस्त घालतो आहोत, याचा तिला पत्ताही नव्हता.

पुढे कळले की देशोदेशीच्या हौशी पोरांनी हेच उद्योग केले होते. कुणी राक्षसाच्या जागी मुख्याध्यापक बसवले, कुणी अंतराळयानाच्या जागी शेजाऱ्याची खटारा मोटार. विडंबन म्हणजे टवाळी, असे आपण सहज म्हणून जातो. पण दूरच्या, अनोळखी माणसाचे विडंबन करावेसे कुणाला वाटते का? दुसऱ्याने रचलेल्या झगमगत्या जगात आपले कुणीच नाही, ही रुखरुख ज्याला लागते, तोच आपल्या आईला तिथे नेऊन सोडतो.

यंदाच्या हिवाळ्यात दत्ताचा फोन आला. आता त्याच्या बसगाड्या चाकणच्या कंपन्यांतल्या कामगारांची ने-आण करतात. कुठली शिफ्ट केव्हा सुटते ते त्याला तोंडपाठ. पण त्या दिवशी तो बोलला ते मावशीच्या डोळ्यांबद्दल. ऐंशी ओलांडलेल्या मावशीचा एक डोळा काचबिंदूने पूर्वीच विझवला होता, आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकून घट्ट झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टी किती येईल याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. पट्टी काढून विचारले, तेव्हा मावशी एवढेच म्हणाली, "धुकं हाय." सूज उतरेल, थोडा धीर धरा, असे डॉक्टरांनी सांगितले. पण हातावर हात ठेवून बसण्याइतके कठीण काम जगात दुसरे कोणते असेल?

मी महाळुंग्याला गेलो. धीर देत बसण्याऐवजी लॅपटॉप उघडला. ती जुनी कॅसेट मी एका जाणकाराकडून उतरवून घेतली होती. आमचा खेळ आता लॅपटॉपवर चालत होता. म्हशी पाहून दत्ता पुष्कळ दिवसांनी हसला. शेजारी खाटेवर मावशी काळा चष्मा लावून बसली होती.

"काय रं चिवचिवतंय?" तिने विचारले.

"काय न्हाई आये, जुना खेळ हाय."

"बघू."

दत्ताचा चेहरा उतरला. तिला काहीच दिसले नाही तर? त्याने माझ्याकडे पाहिले. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला. मावशीने चष्मा काढला आणि ती पडद्याशी वाकली.

"ही बाई कोन? फोक घिऊन पळतीया ती?"

दत्ताने लॅपटॉप तिच्याकडे आणखी वळवला.

"मीच हाय न्हवं? पर जांभळं लुगडं? मी जल्मात कवा जांभळं नेसले रं?"

"कंचा रंग म्हनलीस, आये?"

"जांभळा! आंधळी समजतूस का मला?"

दत्ता खाटेला खेटून बसला. मग बोटाने पडद्यावरची एकेक वस्तू दाखवत तो विचारत सुटला. ती वैतागून सांगत गेली. ही म्हस. ह्यो गूळ. आन् ह्यो उघडा-नागडा तू! माझ्या छातीवरचे ओझे कुणी अलगद उचलून नेल्यासारखे झाले. माणसाला इतका निखळ आनंद द्यायला एक जांभळा रंग पुरेसा असतो, हे मला कुणी आधी सांगितले असते तर पटले असते का?

मावशीचे मात्र आमच्याकडे लक्षच नव्हते. पडद्यावरच्या बाईला चुकवून लुटूलुटू पळणाऱ्या दत्तावर तिची नजर खिळली होती.

"सुधीर," ती मला म्हणाली, "ह्या बाईला जोरात पळवायचं बटन कुठलं?"

तसे बटण आम्ही ठेवलेच नव्हते. दत्ताने बाहीला डोळे पुसले.

"बसवतो, आये," तो म्हणाला, "आजच बसवतो."