शुक्रवारचं उप्साला

माझा स्वभाव संशयी आहे, असं घरातल्यांनी केव्हाच ठरवून टाकलं आहे. मी त्यावर वाद घालत नाही. कलिंगड दोन्ही बाजूंनी वाजवल्याशिवाय मी घेत नाही. लिफ्टमध्ये एखादा शेजारी जरा जास्तच गोड बोलला, तर याचं आपल्याकडे काय काम निघालंय, हा विचार आमचा मजला येईपर्यंत डोक्यात घोळतो. नवरा नेमका उलटा. दुकानदार 'एकदम फ्रेश आहे' म्हणाला की याची पिशवी उघडलेलीच. अशा दोघांची एकुलती एक मुलगी स्वीडनला पीएच.डी. करायला गेली, तेव्हा कौतुक कुणी करायचं आणि काळजी कुणी, हे आम्हाला ठरवावं लागलं नाही.

ती गेली उप्सालाला. स्टॉकहोमच्या उत्तरेला, नदीकाठचं जुनं विद्यापीठाचं गाव. आम्ही कतारला, दोह्यात, बिन महमूद भागातल्या त्याच फ्लॅटमध्ये, जिथे ती रांगायला शिकली. नवरा गॅस प्लँटवर इंजिनियर. पहाटे बस नेते आणि संध्याकाळी आणून सोडते. त्याचा आणि माझा खरा दिवस एकच, शुक्रवार. सकाळी पोहे होतात. खाली गल्लीत शुकशुकाट असतो, बहुतेक दुकानं दुपारच्या नमाजानंतरच उघडतात. आणि त्या शांततेत, गेलं वर्षभर, मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. नवरा फोन टीव्हीला जोडायचा, आम्ही दोघं सोफ्यावर चहा घेऊन बसायचो आणि ती आम्हाला गाव फिरवायची.

मी उप्साला असं पाहिलं, शुक्रवारी शुक्रवारी, थोडं थोडं. लाल विटांचं मोठं चर्च आणि त्याचे दोन सुळके. टेकडीवरचा गुलाबी राजवाडा, जो मला पेढ्यांच्या खोक्यासारखा वाटला आणि मी तसं म्हणाले. गावाबाहेरचे गवताचे तीन मोठे उंचवटे, त्यांच्या पोटात म्हणे जुने राजे झोपलेत. कशावरून, असं मी विचारलं. नवरा म्हणाला, आता उकरून दाखवू का तुला? तो आदल्या रात्री सगळं वाचून तयार असायचा. चर्चच्या विटा कुठून आल्या, नदीला पूर येतो का, राजवाडा गुलाबी का. मुलगी हसायची आणि जाऊन पाटी वाचून यायची. तिचं बोलणं नेहमीचंच, अर्धं इंग्रजी. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजी मिसळून उत्तर द्यायचं, ही आमच्या घराची जुनी रीत.

एका बागेत उभे दगड आहेत. त्यांच्यावर सापासारख्या वळणाच्या पट्ट्या कोरल्यात आणि पट्ट्यांच्या आत अक्षरं. मुलीने सांगितलं की हे दगड लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांसाठी उभे केले. एकावर म्हणे मुलांनी बापासाठी लिहून घेतलंय. नवरा एकदम उठून टीव्हीजवळ गेला. 'वीरगळ गं,' म्हणाला. सिन्नरकडे त्याच्या गावाच्या वेशीवर असे दोन आहेत, लहानपणी त्यांच्यावर बसून त्याने बोरं खाल्लीत. मुलीने त्या दगडाला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि बाबांकडे बघून हसली.

दोन्ही हातांनी. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

फोन कुणी धरलाय, असं मी विचारलं. ती म्हणाली, समोर टेकवून ठेवलाय, आई. तेवढ्यात चित्र हललं. टेकवलेला फोन हलतो का? तो हलवणारा हात कुणाचा? मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो दगडावरची अक्षरं मोजत होता.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला हे सांगितलं. ती कोल्हापूरची, तिच्या पोटात काही राहत नाही, पण तिच्याशिवाय सांगायचं कुणाला? ती म्हणाली, 'पोरगं असणार तिथं. फोन काय आपल्या पायावर उभा राहतोय व्हय?' तिने एका वाक्यात माझ्या मनातलं बोलून टाकलं आणि मला तिचाच राग आला.

मग मी शुक्रवारी गाव बघायचं सोडून दिलं आणि गावाच्या कडा बघायला लागले. काचेच्या दुकानापाशी ती थांबली की काचेत दुसरं कुणी दिसतंय का. ऊन असलं की सावल्या किती. बाकावर बसली तर पिशव्या किती. टीव्ही मोठा असल्याचा हा एक फायदा. कुणी सापडलं नाही, पण संशयाला पुरावा न मिळणं हाही एक पुरावाच वाटतो. असलं कुणी तर असू दे, माझी ना नव्हती. मुलगी वयाने लहान नाही. मला राग होता तो लपवण्याचा.

आणि मग ती मुलं आली. नदीकाठच्या रस्त्यावर उभी राहून मुलगी आम्हाला बदकं दाखवत होती, तेव्हा तिच्या मागून चिमुरड्या मुलांची रांग गेली. पिवळी जाकिटं घातलेली, एका दोरीला धरून चाललेली, पुढे एक बाई, मागे एक बाई. किती गोड, असं मीच म्हणाले. कॉल संपला, मी कणीक भिजवायला घेतली, आणि पाणी घालता घालता हात थांबला. शाळा? शुक्रवारी?

इथे राहून माणसाचं असं होतं. आमचा रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यातला शनिवार नवऱ्याचा बहुतेक प्लँटवरच जातो. आमच्याकडे सत्यनारायण शुक्रवारी, डोहाळजेवण शुक्रवारी, मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा जवळच्या शुक्रवारी. नाशिकच्या भावाला शुक्रवारी फोन केला की तो बँकेतून कुजबुजतो आणि मी दर वेळी म्हणते, अरे हो, तुमचं चालू असतं नाही का. भावाचं कळत होतं. पण मुलगी या शुक्रवारातच वाढली, तेव्हा ती जाईल तिथे तिच्यासोबत शुक्रवार जाणार, असंच मी धरून चालले होते. बाकीच्या जगात शुक्रवारी सकाळी माणसं कामावर असतात. मग ही वर्षभर, भर कामाच्या दिवशी, आम्हाला बदकं कशी दाखवते?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, असेल काहीतरी सवलत. मी म्हणाले, पाणी मुरतंय कुठेतरी. तिने पीएच.डी. सोडली असेल. काढून टाकलं असेल. आपल्याला कळू नये म्हणून बाई रोज गावभर फिरत असेल. तो गप्प झाला, आणि तो गप्प झाल्यावर मी खरी घाबरले. मी संशय घ्यायचा आणि त्याने तो हसून उडवायचा, यावर आमचं घर चालत आलंय.

मी छडा लावायचं ठरवलं. नवरा प्लँटवर असताना रविवारी तिला फोन करायला लागले. रविवार तिथे सुट्टीचा, म्हणजे निवांत उचलायला हवा. ती उचलायची नाही. दुपार टळल्यावर मेसेज यायचा, 'बिझी आहे, नंतर करते.' कामाच्या दिवशी रिकामी आणि सुट्टीच्या दिवशी कामात. शेजारीण म्हणाली, हॉटेलात भांडी घासत असेल, तिकडं रविवारी गर्दी असते. त्या दिवशी मी तिला चहा विचारला नाही.

शेवटी एका रविवारी मी ठरवूनच बसले. उचलेपर्यंत लावत राहायचं. किती वेळा लावला ते आठवत नाही, पण तिने घाबरून उचलला. 'आई? बाबा ठीक आहेत ना?'

तिच्या अंगात पांढरा कोट होता. मागे लांबलचक कॉरिडॉर, बंद दारं, एका दारावर पिवळी पाटी. प्रयोगशाळा. म्हणजे सोडलेली नव्हती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या जागी लगेच चीड आली. बाबा ठीक आहेत, मी म्हणाले, पण तू रविवारी इथे काय करतेस आणि शुक्रवारी तिथे काय करतेस, ते आत्ता सांग.

ती काही बोलणार तेवढ्यात तिच्या मागचे दिवे गेले. एकामागून एक, लांबच्या टोकापासून तिच्यापर्यंत. तिने सवयीने एक हात वर करून हलवला, तसे डोक्यावरचे दिवे परत लागले.

'हे काय झालं?' मी विचारलं.

'काही नाही, सेन्सर आहे. कुणी हललं नाही की लाइट्स जातात.'

'मग बाकीचे कुठे आहेत?'

'आई, संडे आहे. कुणी नसतं.'

मग तिने सांगितलं. गेल्या गेल्याच तिने तिच्या प्रोफेसरबाईंना विचारलं होतं की शुक्रवारऐवजी रविवारी आले तर चालेल का. त्यांनी विचारलं, तुमचा प्रार्थनेचा दिवस असतो का? ही म्हणाली, नाही, आमचा घरी असायचा दिवस असतो. बाई चांगल्या निघाल्या, हो म्हणाल्या. तेव्हापासून हिचा आठवडा दोह्याचा. शुक्रवारी सुट्टी, रविवारी काम. बाबांना एकच दिवस नीट मिळतो, ती म्हणाली, आणि तो फ्रायडे आहे. त्यात लपवण्यासारखं काय होतं, तिला कळेना. आम्ही विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.

आणि तो दगडापुढचा फोन? तिने खिशातून फोन उभा करायची, तीन पायांची एक काडी काढून दाखवली. गवतावर ती नीट उभी राहत नाही, घसरते.

माझा संशय असा चारी मुंड्या चीत झाला. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. मी विचारलं, रविवारी तुझ्या लॅबमधली बाकीची मुलं काय करतात? बरंच काही, ती म्हणाली. रानात जातात, कुणाच्या तरी घरी एकत्र जेवण करतात. तुला बोलवत नाहीत, मी विचारलं.

'बोलवायचे आधी,' ती म्हणाली. 'मी दर वेळी नाही म्हणायचे ना. इट्स फाइन, आई.'

तेवढ्यात दिवे पुन्हा गेले. तिने पुन्हा हात हलवला.

इतके दिवस मी तिच्या मागे कुणीतरी शोधत होते. काचेत, सावल्यांत, पिशव्यांत. त्या दिवशी कळलं की कुणीच नव्हतं. कुणी असतं तर मी रागावले असते, पण अशी रडले नसते. फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

नवरा संध्याकाळी आल्यावर सगळं सांगितलं. मुलगी शिकतेय, ठीक आहे, हे ऐकून त्याचा चेहरा उजळला, आणि आपल्यासाठी सुट्टी बदलून घेतली हे तर त्याने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मी म्हणाले, आता हे बंद करायचं. शुक्रवारी तिने कामावर जायचं, चार माणसांत बसायचं आणि रविवारी त्यांच्याबरोबर रानात जायचं.

तो बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसला. 'रविवारी मी प्लँटवर असतो,' तो म्हणाला.

'मला माहीत आहे.'

'म्हणजे माझं उप्साला खलास.'

वर्षभर दर गुरुवारी रात्री चष्मा लावून वाचत बसणारा तो माणूस मला दिसत होता. त्याच्याकडे मागण्यासारखं एवढंच होतं आणि ते मी मागत होते. जेवताना तोच म्हणाला, सांग तिला. तूच सांग, मला नाही जमायचं.

मी सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली, मग म्हणाली, तुम्हाला माझा फोन नकोय का? हवाय, मी म्हणाले, म्हणून सांगतेय. एवढं उघड मायेचं वाक्य मी आयुष्यात तिच्याशी बोलले नव्हते, तेव्हा तिने ऐकलं असावं.

पहिल्या रिकाम्या शुक्रवारी अर्धे पोहे उरले. नवऱ्याने टीव्ही लावून बंद केला. मग म्हणाला, चल, आपणच फिरून येऊ. आम्ही पर्लला गेलो, समुद्रात भर घालून केलेल्या त्या बेटावर. रंगीत घरं, कालवे, कमानदार पूल, सगळं जुन्या युरोपातल्यासारखं. नवरा पुलावर उभा राहून बघत होता. मी त्याला म्हणाले, आपला प्रेशर कुकर याहून जुना आहे. तो हसला, पण खिशातला फोन दोनदा बघितला. मीही बघितला, त्याला न दाखवता.

पुढचे काही आठवडे असेच गेले. फोन यायचे, पण उभ्या उभ्या, संध्याकाळचे, जेवलात का, काय केलं. कामावर सगळ्यांबरोबर कॉफी पिते, म्हणायची. बाकी ताकास तूर लागू देत नव्हती. मला वाटायला लागलं की तिची कॉलची वेळ गेली आणि हातात काहीच आलं नाही. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. निर्णय माझा होता.

मग एका रविवारी नवरा नुकताच घरी येऊन हातपाय धूत होता, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. मी ओरडून त्याला बोलावलं, तो ओल्या हातांनीच आला आणि फोन टीव्हीला जोडला. मोठाली काळपट झाडं, खाली शेवाळ, मध्ये आमची मुलगी. गाल वाऱ्याने लाल. दोन्ही हातांनी एक टोपली पोटाशी धरलेली आणि टोपलीत पिवळी धमक अळंबी. ती चालत होती आणि चित्र तिच्या बरोबर चालत होतं. नवऱ्याने लगेच विचारलं की ही खायची असतात का, विषारी कशी ओळखायची. ती सांगायला लागली, बाबा, याच्याखाली अशा रेघा असतात. परक्या रानातलं काही खाऊ नकोस, मी म्हणाले, पण माझं लक्ष टोपलीकडे नव्हतं.

'फोन कुणी धरलाय?' मी विचारलं.

ती क्षणभर कॅमेऱ्याच्या जरा वर बघत राहिली. 'कुणी नाही गं, आई,' ती म्हणाली, तेही शुद्ध मराठीत. 'टेकवून ठेवलाय.'

फोनच्या मागे कुणीतरी हसलं. चित्र गदागदा हललं, झाडं तिरपी झाली आणि पुन्हा सरळ झाली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा ओला हात धरला आणि मुलीला म्हणाले, बरं बरं, टेकवून ठेवलाय. तिच्या एका शब्दावरही मी विश्वास ठेवला नाही.