सुगंधाचं पुनर्वसन

आमच्या केंद्रात किस्से शोधावे लागत नाहीत. लोकांच्या अर्जांसारखे ते आपणहून येतात, साठत जातात, आणि निकाली मात्र कोणी काढत नाही. महाडमधल्या या दिव्यांग रोजगार आणि पुनर्वसन केंद्रात मी रजिस्टरं लिहितो. रजिस्टरात जे लिहिता येत नाही, ते घरी येऊन वहीत उतरवतो. वह्या आता अकरा झाल्यात. त्यातली एक अख्खी वही एकट्या सुगंधाची आहे!

*

सुगंधा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. वय तिशीचं. लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय गेलेले, चालणं कुबड्यांवर. जीभ मात्र कसल्याही आधाराशिवाय चालायची.

पहिल्या दिवशी संचालकसाहेबांनी विचारलं, "तुला काय काम करायला आवडेल?"

"माणसांत बसायचं काम द्या साहेब. घरात बसून बसून भिंती पाठ झाल्यात. गिऱ्हाईक बघीन, फोन घेईन, कायपण!"

साहेबांनी मान डोलावली, फॉर्म पुढे ओढला आणि लिहिलं : मेणबत्ती.

"अहो, पण..."

"अगं, आपल्याकडे सगळे तेच शिकतात!"

"साहेब, आमच्या वाडीत लाइट जाते. पण एवढी नाय जात!"

*

मेणबत्त्या बनवणं योजनेत होतं, विकणं नव्हतं. त्यामुळे खोकी पत्र्याच्या खोलीत रचली गेली. मग मे महिना आला. महाडचा मे! खोली उघडली तर जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून काढल्यासारखी अवस्था. प्रत्येक खोक्यात एकच मेणबत्ती, खोक्याच्याच आकाराची.

मला वाटलं, आता साहेब डोक्याला हात लावतील. ते खूश झाले.

"वाया काही गेलं नाही. वितळवा आणि पुन्हा शिकवा!"

तेच मेण, तेच साचे, तीच माणसं. अहवालात मात्र दुसरी बॅच. सुगंधा त्यात पहिली आली. पहिल्या बॅचमध्येही तीच आली होती.

*

मग साहित्य वाटपाचा कार्यक्रम. केंद्राकडे एक चकचकीत व्हीलचेअर आहे. ती दर कार्यक्रमात कोणाला तरी मिळते आणि फोटो झाला की परत कपाटाशेजारी येते. त्या दिवशी सुगंधाची पाळी होती. ती कुबड्यांवर स्टेजवर आली, पाहुण्यांनी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, कुबड्या काढून घेतल्या आणि माइक हातात घेतला.

"आजपासून ही भगिनी आत्मविश्वासाने उभी राहील!"

टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत मीही होतो.

टाळ्या थांबल्यावर सुगंधा म्हणाली, "उभीच होते की मगाशी. तुम्हीच बसवलंत!"

*

एमआयडीसीतल्या एका कारखान्याने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा ती नवी साडी नेसून आली. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण फक्त मालासाठी.

"मग मला माल म्हणून न्या," सुगंधा म्हणाली. "पोचल्याची सही मीच करते!"

शेवटी अधिकारीच खाली आले. गोड माणूस. "तुमचं नाव आम्ही कामगारांच्या यादीत घेतो. पगार दर महिन्याला खात्यात. यायची काही गरज नाही."

"आणि काम?"

"कामाचं टेन्शन घेऊच नका! रिपोर्टमध्ये एक दिव्यांग कर्मचारी दिसला की आमचं झालं."

साहेब पेढे मिळाल्यासारखे हसले. सुगंधा हसली नाही.

"घरात बसायचंच तर मला दोन गाड्या बदलून इथवर कशाला आणलंत? ते मला शिकल्याशिवाय येतं. मला कामावर यायचंय!"

ती उठली आणि गेटबाहेर जाऊन थांबली. साहेबांनी तिथेच तिच्या फाइलवर शेरा मारला : 'उमेदवार काम करण्यास उत्सुक नाही.'

*

वर्षातून एकदा आम्ही प्रशिक्षणार्थींची सहल नेतो. यंदा रायगड. रोपवेपाशी आल्यावर साहेब म्हणाले, "सुगंधाला वर नको, रिस्क नको." म्हणून तिला खाली हिरकणीवाडीत, एका आक्कांच्या जेवणाच्या हॉटेलात बसवलं आणि बाकीचे आम्ही गड बघायला गेलो.

तीन तासांनी उतरलो. हॉटेल पर्यटकांनी भरलेलं, आक्का चुलीपाशी, आणि गल्ल्याच्या टेबलावरून सुगंधाचा आवाज : "तिकडं दोन पिठलं-भाकरी! ओ दादा, तुमचा नंबर नाय अजून, बसा!"

साहेब खवळले. "सुगंधा! आपण इथे सहलीला आलोय, कामाला नाही!"

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ही कुठली ओ तुमची पोर? सोमवारपासून माझ्याकडं पाठवा. राहायला माझ्या घरात जागा हाय."

"असं कसं पाठवू? तिचं ट्रेनिंग अजून पूर्ण झालेलं नाही!"

सोमवारी ती केंद्रात आली नाही. मी रजिस्टरात 'गैरहजर' लिहिलं आणि वहीत 'हजर'.

*

आणि हा परवाचा.

निधी देणाऱ्या संस्थेच्या एक बाई तपासणीला आल्या. सगळे अहवाल चाळून झाल्यावर म्हणाल्या, "कागद छान आहेत. आता नोकरीला लागलेलं एक तरी माणूस दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षीचा निधी थांबवा, असं मला कळवावं लागेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तासाभरात आमची जीप हिरकणीवाडीत!

सुगंधा टेबलावर होती. साहेब तिच्या शेजारी जाऊन थांबले, जणू गल्ला त्यांनीच मांडून दिलाय. "ही आमच्या केंद्राची मुलगी! सांग सुगंधा, मॅडमना सांग, केंद्राने तुझ्यासाठी काय काय केलं?"

सुगंधाने समोरच्या गिऱ्हाइकाचे सुटे परत दिले, हिशेबाची वही मिटली.

"सांगते की. पण साहेब, आधी माझं एक काम करा. आमच्याकडं भांडी विसळायला माणूस पाहिजे हाय. तुमच्या हापिसात धडधाकट माणसं दिवसभर नुसती बसून असतात, त्यातला एखादा पाठवा. काम येत नसलं तरी चालंल, आम्ही शिकवून घेऊ. अशा लोकांना पण संधी मिळाया पाहिजे ना!"

बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि साहेबांकडे वळून शांतपणे विचारलं,

"असे किती जण आहेत तुमच्याकडे?"