देवभात आणि पोस्टमनची मिशी

आमच्या आचऱ्याच्या पोस्टमनची मिशी एवढी लांब, की वळणावर आधी तिचं टोक पोचायचं, मग सायकल! पत्रं वाटता वाटता तो रानातलं बी गोळा करी. मी शाळेत शास्त्र शिकवणारा. एकदा त्याला म्हणालो, "खाडीकाठच्या खाजणातलं देवभात, म्हणजे रानटी भात, खारं पाणी सोसतं, ते सवयीनं. गोड्या तळ्यातलंही सोसेल."

"खंयची सवय, मास्तरानू! ता बियाण्यात आसा. तळ्यातला एक जरी रोप जगला, तर मिशी काढतलंय!"

त्यानं दोन डब्यांत दोन्हीकडचं रानटी बी रुजवलं आणि खाडीचं पाणी घातलं. अख्खा गाव डबे बघायला लोटला, आरतीच्या वेळी देऊळ ओस पडलं! आठव्या दिवशी खाजणातली रोपं ताठ उभी. तळ्यातली सगळी पिवळी पडून आडवी, फक्त दोन सोडून. ती हिरवीगार!

दुसऱ्या दिवशी तो नाचतच पत्र घेऊन आला. डावी मिशी साफ, उजवी जागच्या जागी.

"हे काय?"

"तळ्यातय असली दोन जन्माक येतत, माका खंय म्हायत! त्यांच्यासाठी डावी काढलंय. त्यांची पोरां आता खाजणात लावतलंय."

"आणि उजवी?"

"ती मेलेल्या रोपांनी राखल्यानी, मास्तरानू!"