फरहतचं नाव छापून आलं

विद्यापीठाचं ते मराठी जर्नल अकरा वर्षं फरहत शेखच्या जिवावर चाललं. वाचायला फुकट, छापायला फुकट आणि राबायला फरहतही फुकटच. पदानं ती ग्रंथालय सहायक. पण लेख मागवणं, ते तपासायला प्राध्यापकांकडे धाडणं, हात धुऊन त्यांच्या मागे लागणं, अंक वेळेवर वेबसाइटवर चढवणं, सगळं तीच करायची. संपादक मंडळात सतरा नावं होती, तिचं नव्हतं. येरवड्याला घरी तिची आई नसीमबानू दर अंकाला विचारायची, "यात तुझं नाव कुठंय गं?"

लेख तपासणारे मिळणं म्हणजे दिव्यच. शनिवार पेठेतले निवृत्त महिपती सर तेवढे हक्काचे, पण त्यांचीही एक रीत पडून गेली होती. "अहो, अभिप्राय तुम्हीच लिहून टाका. नावाला मी आहेच." अंक रखडू नये म्हणून फरहत लिहून टाकायची: प्रकाशनास योग्य. लेख न वाचता.

मग चंद्रपूरकडच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. "महागडी जर्नलं आम्हाला कुठली परवडायला! तुमचं मोफत मिळालं, मनापासून आभार. त्यातला आमच्या गावच्या पाण्याचा तक्ता पाहून आम्ही शाळेजवळचा हातपंप बंद केला. दोन महिने मुलं वेशीवरच्या पंपाचं पाणी प्यायली. आता पाणी तपासून घेतलं, तर दूषित पाणी वेशीवरचंच निघालं. तक्त्यात दोन पंपांचे आकडे उलटे पडलेत का, एवढं कृपया पाहाल?"

उलटेच पडले होते. तक्त्याखालच्या परिच्छेदात बरोबर लिहिलं होतं, नुसतं वाचलं असतं तरी कळलं असतं. त्या 'आभारां'नी फरहतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या परवडल्या असत्या.

शिक्षिकेला तिनं लगेच फोन करून शाळेजवळचा पंप सुरू करायला सांगितलं. मग सरांना फोन लावला.

"आकडे गुपचूप बदला. वेबसाइट तुमच्याच हातात आहे," सर म्हणाले. "कळतंय कुणाला?"

कुणालाच कळणार नव्हतं. तिनं तक्ता दुरुस्त केला आणि लेखाच्या डोक्यावर लिहिलं: "या लेखाचा एक अभिप्राय मी, फरहत शेख हिनं, लेख न वाचता दुसऱ्याच्या नावानं लिहिला. त्यामुळे चूक तशीच राहिली."

संध्याकाळी घरी तिच्या फोनवर ते पान उघडंच होतं. नसीमबानूनं चष्मा चढवला, एकेक अक्षर जुळवलं.

"फरहत शेख! आलं की गं नाव!" म्हातारी हरखून गेली. "पुढचं वाच की."

लाजेनं फरहतचे कान तापले. मान खाली घालून तिनं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत.