गॅस वर जातो की खाली

त्यांना सगळे डिस्टिल म्हणतात. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे, पण परवाना बॅटऱ्यांच्या कपाटामागे लावलेला असल्यामुळे ते अजून कोणी वाचलेलं नाही. दुकानात कोणीही आलं की तब्येतीची चौकशी करायच्या आधी ते विचारतात, "पाणी घातलंत का?" म्हणजे बॅटरीत. म्हणजे डिस्टिल्ड. "नळाचं घातलं" म्हणणाऱ्याकडे ते अशा नजरेने बघतात, की त्या माणसाला आपण म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढून आलोय असं वाटावं.

एकतीस वर्षं शिशाच्या बॅटऱ्या भरण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. या धंद्याची खूण अंगावर राहते. ॲसिडच्या बारीक थेंबांनी त्यांच्या प्रत्येक पँटला चाळणीसारखी भोकं पडलेली आहेत. वहिनी म्हणतात, "यांची पँट वाळत घातली की पलीकडच्या घरात काय चाललंय ते दिसतं." डावी भुवई अर्धीच आहे. तरुणपणी एका गिऱ्हाइकाने चार्जिंगला लावलेल्या बॅटरीत पाणी किती आहे ते बघायला काडी ओढली होती. बॅटरीचं वरचं टोपण छताला जाऊन आदळलं. डोळा वाचला, भुवई गेली. तेव्हापासून चेहरा कायम अर्धा आश्चर्यचकित दिसतो, आणि एका विषयावर हा गमत्या माणूस अजिबात गंमत करत नाही. तो विषय म्हणजे बॅटरीतून निघणारा गॅस.

गॅसनंतर ते जगात फक्त भावोजींना घाबरत.

भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्या केलेला, गळती शोधण्यात नाव कमावलेला, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर तयार मत असलेला माणूस. एवढ्या वर्षांत डिस्टिल त्यांच्याशी दोनच शब्द बोलले होते: "हो" आणि "बरोबर". भावोजी एकदा म्हणाले, दुकानाचं पुढचं दार चुकीच्या बाजूला आहे. डिस्टिलनी सहा महिने मागच्या दाराने ये-जा केली, पण वाद घातला नाही.

भावोजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली: एक पलंग, एक शेगडी, एक बेसिन आणि भावोजींची मतं मावतील एवढी मोकळी जागा. ताई लग्नापासून "कुठेतरी फिरायला जाऊ" म्हणत होती, पण दर सुट्टीत कोणाच्या तरी घरी गळती लागायची. आता उद्या सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. भावोजींनी तीन आठवडे अंगणात ट्रेलरचं काम केलं होतं, आणि आतली बॅटरी तीन आठवडे चार्जरवर होती. दुसरी बॅटरी जोडून द्यायला दुपारी डिस्टिल आले.

पलंगाखाली सामानाचा कप्पा होता, बाहेरून झाकण असलेला. त्यातच बॅटरी. भावोजींनी झाकण उघडलं, तेव्हा फ्रिज उघडल्यासारखा आवाज आला.

"रबर बघ," भावोजी म्हणाले. "चारही बाजूंनी नवीन. धुळीचा कण आत जाणार नाही."

डिस्टिल वाकले. कप्प्याच्या तळाला एक गोल भोक होतं, कंपासने आखल्यासारखं, त्यावर पितळी जाळी. त्यांनी बाजू पाहिल्या, छत पाहिलं.

"वर कुठेय?"

"वर काय?"

"भोक."

"वर कशाला? गॅस खाली बसतो," भावोजी लहान मुलाला सांगावं तसे म्हणाले. "तीस वर्षं घराघरात सांगत आलोय, खिडकी नाही, खाली झरोका ठेवा. बरोबर?"

ताई चहाचे कप घेऊन येत होती. तिने भावाचा चेहरा पाहिला आणि पायरीवरच थांबली.

"नाही," डिस्टिल म्हणाले.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो, भावोजी." त्यांनी तळाच्या जाळीकडे बोट दाखवलं. "तुमचा गॅस खाली बसतो. माझा वर जातो."

"गॅसमध्ये तुझा-माझा असतो होय? मग वाटणीच करून टाकू!"

"असतो. तुमचा हवेपेक्षा जड. बॅटरी चार्ज होताना निघतो तो हायड्रोजन, सगळ्यांत हलका. तो या कप्प्याच्या छताला साठणार. आणि त्याला बाहेर जायला तुम्ही वाट ठेवली नाही. त्यात एक ठिणगी पडली, की माझी भुवई बघा."

"वाट नाही तर नाही. आत बसेल गप. आपलं काय जातं?"

डिस्टिल आणखी वाकले. कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यातून एक वायर ट्रेलरच्या आत गेली होती. वायर पेन्सिलीएवढी, तिच्यासाठी पाडलेलं भोक अंगठ्याएवढं. त्यांनी त्यात बोट घातलं. "ताई, आत जाऊन बघ बरं, काही दिसतंय का."

ताई आत गेली. गादी सरकवल्याचा आवाज आला.

"अगं बाई! बोट!"

"कुठे?"

"माझ्या उशीखाली!"

मग ताईचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "म्हणजे हे रात्रभर माझ्या नाकाशी येणार? तरीच दोन दिवस आत सामान लावताना उग्र वास येत होता. मला वाटलं, यांचे मोजे."

"माझे मोजे धुतलेले आहेत," भावोजी म्हणाले. पण त्यांना तेवढ्यात मुद्दा सापडला होता. "आणि वास येतोय ना? उत्तमच की! वास आला की उठायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. हे तर मीच शिकवलंय गावाला."

"तो वास ॲसिडच्या वाफेचा, भावोजी. छातीला वाईट, पण निदान कळतो तरी. हायड्रोजनला वास नसतो."

"नसतो म्हणजे? कंपनी वास घालत नाही?"

"कुठली कंपनी? तो या डब्यातच तयार होतो."

भावोजींची सगळी नोकरी नाकावर झाली होती. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, लोकांना गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात, हे ते लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगायचे. वास न घातलेला गॅस लोकांच्या उशाखाली मोकळा फिरतो, ही कल्पना त्यांना नवीन होती. ते हत्यारांच्या पेटीवर बसले.

"हे तू म्हणतोस," तरी ते म्हणाले. पडलं तरी नाक वर.

"मी नाही, बिजागरी म्हणते." डिस्टिलनी झाकण पूर्ण वर केलं. "तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही नवीन होत्या ना, वरची पितळी बिजागरी आणि खालची पितळी जाळी? आता बघा."

बिजागरी हिरवी पडली होती. तिच्या स्क्रूंना पांढरं पीठ फुटलं होतं. खालची जाळी मात्र दुकानातून आणल्यासारखी चकचकीत होती. भावोजींनी बिजागरीवर बोट फिरवायला हात पुढे केला. "हात नका लावू, गॅसबरोबर वर गेलेलं ॲसिड आहे," म्हणून डिस्टिलनी तो धरला. भावोजींचा हात धरायचीही ती पहिलीच वेळ. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे दोन सोनार समोरासमोर होते आणि कान एकच होता.

"म्हणजे खालचं माझं भोक चुकलं म्हणतोस?"

ताई खिडकीतून भावाकडे बघत होती. उद्याचा प्रवास या एका उत्तरावर उभा होता. भावोजी एकदा रुसले की ट्रेलर विकून टाकतील, पण त्यात वर भोक पाडणार नाहीत, हे तिला तीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

"चुकलं कसं?" डिस्टिल म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. "खालून ताजी हवा आत येणार, तेव्हा वरून गॅस बाहेर पडणार. खालचं हवंच. वरचं तेवढं राहिलंय."

"राहिलंयच. म्हणजे मी करणारच होतो."

"तेच म्हणतोय मी."

"दोघं मिळून करा," खिडकी म्हणाली, "पण माझ्या उशीखालचं आधी बुजवा."

मग काम सुरू झालं. आधी चार्जर बंद. मग डिस्टिलनी भावोजींना हातातलं स्टीलचं घड्याळ काढायला लावलं, कारण पान्याबरोबर तेही बॅटरीच्या दोन टोकांना चिकटलं असतं तर मनगट भाजलं असतं. "किती वाजले ते ताई सांगेल." काळी वायर आधी सोडली, लाल नंतर. बॅटरी उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. कप्पा अर्धा तास उघडा ठेवला, आणि तेवढा वेळ भावोजींना ड्रिलच्या जवळ जाऊ दिलं नाही. ते ड्रिलभोवती मांजरासारखे फिरत राहिले.

भोकं पाडली मात्र भावोजींनीच. बाहेरच्या भिंतीत, कप्प्याच्या छताला लागून, दोन, आणि खरंच सुरेख. त्यांवर गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून जाळी, पाऊस शिरू नये म्हणून खाली तोंड केलेली टोपी. वायरीच्या भोकात रबर बसवलं, भोवती सिलिकॉन भरलं. जुना चार्जर डिस्टिलनी काखोटीला मारला. "पोट भरलं तरी हा वाढतच राहतो. म्हणून गॅस होतो." त्याजागी त्यांनी आपोआप थांबणारा बसवला आणि दोन्ही बॅटऱ्या जोडून दिल्या.

"झालं! सकाळी सहा!" भावोजी म्हणाले.

"नाही," डिस्टिल म्हणाले. एकदा जमलं की जमतं. "सिलिकॉन वाळायला पूर्ण दिवस लागतो. परवा."

"अरे, मी सगळ्या गल्लीला उद्या सांगितलंय!"

"मग उद्या सगळ्या गल्लीला परवा सांगा," ताई म्हणाली आणि चहाचे गार झालेले कप आत घेऊन गेली.

परवा सहाला ते निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला.

"अरे, इथे मुक्कामाच्या मैदानात सात ट्रेलर आहेत!" भावोजी ओरडले. फोनवर ते नेहमीच दोन गल्ल्यांच्या अंतरावरून बोलावं तसे बोलतात. "चारांना वर भोकच नाही! मी सांगितलं सगळ्यांना, माझा मेहुणा म्हणतो, तुमचा गॅस कुठला ते आधी बघा."

माझा मेहुणा म्हणतो. डिस्टिलनी समोरच्या गिऱ्हाइकाला बसायला खूण केली आणि स्वतःच बसले.

"ताई कशी आहे?"

"झोपलीये. जेवण झाल्यापासून उठलीच नाही."

वायरीजवळचं सिलिकॉन नीट दाबलं होतं की नाही? डिस्टिल ताडकन उभे राहिले. "उठवा तिला! आधी दार उघडा, दिवा लावू नका, आणि उठवा!"

फोन कशावर तरी आपटला. दार, पावलं, आणि मग ताईचा आवाज.

"काय रे मेल्या! लग्नानंतर पहिल्यांदा दुपारचा डोळा लागला होता. काय झालं?"

"वास येतोय?"

"येतोय. गवताचा. खिडकी उघडीच आहे."

"डोकं दुखतंय?"

"आता दुखायला लागलंय!"

"मग झोप परत," डिस्टिल म्हणाले.

"आता कुठली झोप! हे मला हाताला धरून त्या चार ट्रेलरांच्या भिंती दाखवायला नेतायत," ताई म्हणाली. "ड्रिलही बरोबर घेतलंय. ठेव फोन."