पाखरांचा हौद आणि माझी देखरेख

मला कुठलीही वस्तू सरळ विकत आणता येत नाही. घरामागच्या भंगारातून ती आपण करू, अशी माझी ठाम समजूत असते आणि बहुतेक वेळा ती फसते. बोरी बुद्रुकच्या आमच्या घरामागे या फसलेल्या समजुतींचा एक ढीगच आहे. पाखरांच्या हौदाचं सामान मी त्याच ढिगातून काढलं, पण हौद करायला कारण झाली माझी बायको.

उन्हाळा लागता लागता ती गोठ्यात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मंचरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. निघताना डॉक्टरांनी बजावलं की वॉकर धरून रोज चालायचं, आत्ता अंग चोरलं तर पुढे पाय कायमचा आखडेल. तिने मान डोलावली, घरी आली आणि खिडकीजवळच्या खाटेवर जी पडली ती उठेचना. जिला मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस पडून राहायला लागली. मुलं पुण्याला, घरात आम्ही दोघंच. मी वॉकर पुढे करायचो. ती एखाद-दुसरं पाऊल टाकायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा खाटेवर टेकायची.

"नगं. पडन मी."

मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी जास्त बोलतो. टाच आधी टेकव, वाकू नको, खाली बघ, आता खाली बघू नको, असा माझा सूचनांचा पट्टा अखंड सुरू असायचा. एवढं मार्गदर्शन मिळूनही ही बाई चालत कशी नाही, याचं मला खरोखर नवल वाटत होतं.

निदान तिने भिंतीकडचं तोंड खिडकीकडे करावं म्हणून मी खिडकीसमोर पाखरांना पाणी ठेवायचं ठरवलं. मातीचं एक पसरट भांडं आणलं असतं तर काम झालं असतं. पण ढिगात ट्रॅक्टरच्या तव्याच्या नांगराचा एक झिजलेला तवा पडला होता. लोखंडी, पसरट, मध्ये खोलगट. देवाने तो याच कामासाठी घडवला असावा असं मला वाटलं. मधलं भोक सिमेंटने बुजवलं, दगडावर तवा बसवला, पाणी भरलं. दुपारी एक होला आला, काठावर टेकला आणि चटका बसल्यासारखा उडाला. चटका बसलाच होता. मी बोट लावून पाहिलं आणि तेच बोट तोंडात घालून उभा राहिलो.

खिडकीतून आवाज आला, "अवो, पाखरं न्हाऊ घालायचीत का भाजायचीत?"

कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य होतं. मला राग आला आणि आनंदही झाला. राग मी दाखवला.

मग मी प्लॅस्टिकचा टब मांडला. त्यात वीतभर पाणी आणि बाजू गुळगुळीत. दुसऱ्या सकाळी एक चिमणी काठावरून आत घसरली. तिला बाहेर यायला धरायला काही नव्हतं. बायकोने खाटेच्या लोखंडावर तांब्या बडवायला सुरुवात केली. "अवो, बुडतंय ते! पळा!" मी पळालो, टब लाथेने उलटा केला आणि ओलीचिंब चिमणी गोणपाटावर सावलीत ठेवली. बऱ्याच वेळाने ती उडून कांदा साठवायच्या चाळीवर बसली. तोवर खाटेवरच्या बाईचा चेहरा उतरला होता. माझाही.

आता मात्र मी नीट करायचं ठरवलं. ओल्या वाळूचा उपड्या ताटासारखा ढीग केला, त्यावर कागद पसरला आणि वरून वाळू-सिमेंटचा जाड थर दिला. वाळल्यावर उलटा केला तर उतरत्या काठाचं ताट तयार. तळ खरबरीत, पाणी मध्ये पेरभर, मधोमध बसायला एक दगड. सिमेंटचा कडवटपणा जावा म्हणून पुष्कळ दिवस पाणी भरत आणि ओतत राहिलो. मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून झाडोऱ्यापासून लांब, कमरेएवढ्या ओट्यावर ते बसवलं. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, सातभाईंची टोळी भांडत आली. बायको आता दिवसभर खिडकीकडे तोंड करून असायची. उठत मात्र नव्हती.

इथे थांबलो असतो तर तो मी कसला? रोज पाणी भरण्यापेक्षा ठिबकची नळी जोडावी असं माझ्या डोक्यात आलं. टोमॅटोच्या लाइनीतून एक बारीक नळी ओढली आणि ताटावर ड्रिपर लावला. थेंब थेंब पाणी पडायला लागलं आणि मी मनातल्या मनात स्वतःला शाल-श्रीफळ दिलं. सकाळी नेहमीप्रमाणे टोमॅटोला खत सोडलं. आमच्याकडे पाण्यात विरघळणारं खत ठिबकातूनच जातं, हे मी शिकवणीत सांगावं इतकं मला पाठ आहे.

"अवो, पाणी निळं का दिसतंय?" खिडकीतून.

"आभाळ पडलं असेल त्यात," मी ऐटीत म्हणालो. मग आठवलं, सकाळचं निळं खत याच नळीतून आलं होतं. एक बुलबुल काठावर येऊन मान वाकवतच होता. मी दोन्ही हात वर करून असा ओरडत सुटलो की बुलबुल तर उडालाच, बांधापलीकडचा शेजारीसुद्धा धावत आला. हकिगत कळल्यावर तो बांधावरच बसला. "काय राव, पाखरांना बी टमाट्याचा डोस चालू केला का?" पुढे कितीतरी दिवस गावात जो भेटेल तो, "भाऊ, चिमण्यांचं वजन वाढलं का?" असं विचारायचा.

नळी काढली, ताट खूप वेळा धुतलं आणि पुन्हा हाताने पाणी भरायला लागलो. सकाळी मग्याने भर घालायची आणि कामाला निघायचं. त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ताट कायम स्वच्छ असायचं. शेवाळ नाही, विष्ठा नाही. माझ्या मिश्रणातच काहीतरी जमून आलंय, याबद्दल मला शंका उरली नाही. मंचरला कांदा घेऊन गेलो तेव्हा आडतीवर ओळख ना पाळख अशा माणसालाही मी वाळू-सिमेंटचं प्रमाण समजावून सांगितलं.

एके दिवशी शेतावरून लवकर घरी आलो. चाळीच्या कोपऱ्यावर आलो आणि थबकलो. अंगणात बायको उभी होती. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या. ती ताट घासत होती. घासून झालं, पाणी ओतलं, तांब्याने नवं भरलं. मग वळली आणि संथपणे, कुणालाही न विचारता, पायरीकडे चालायला लागली.

त्या क्षणी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या तोंडून निघालंच, "अगं, हळू! टाच आधी!"

ती दचकली, वॉकर कलला आणि ती ओट्याला धरून कशीबशी उभी राहिली. मी धावलो तसा तिने हात आडवा केला.

"तितंच थांबा."

मी थांबलो.

"तुमी नुसतं वरनं पाणी वतता. खाली घाण तशीच. पाखरं आजारी पडतील म्हनून उठले येक दिवस. मग रोजच उठाया लागले."

"मग मला सांगायचं नाही का?"

तिचा श्वास लागला होता. "तुमच्या तोंडाकडं बघितलं का मला वाटतं, म्या आता पडले. तुमी नसला का मला पाय असत्यात."

ती रागावलेली नव्हती. मी चाळीच्या कोपऱ्यावर मागे सरकलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे वॉकर टेकल्याचा आवाज येत राहिला, पायरीपाशी बराच वेळ थांबला आणि मग घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली.

"कुटं?" तिने विचारलं.

"येडगावला. काम आहे."

माझं येडगावला काही काम नव्हतं हे तिला माहीत होतं. "सावकाश या," ती म्हणाली.

येडगावच्या धरणाच्या कडेला एका दगडावर मी रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. आता ती पायरी उतरत असेल, असं मनात आलं आणि "टाच आधी," असं मी धरणाच्या पाण्यालाच सांगितलं. पण मी जागचा हललो नाही.